उडती तबकडी कुणाची?

साशंक : शारजा हे नाव माझ्या पिढीच्या मराठी माणसाला क्रिकेटमुळे कळलं. १९९८ च्या एप्रिलमध्ये, २२ तारखेला, वाळूचं वादळ येऊन खेळ थांबला आणि परत सुरू झाल्यावर सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ धावांपर्यंत मजल मारली. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात त्याने पुन्हा १३४ धावा केल्या. त्या शहरात जपण्यासारखं काही असेल तर ते स्टेडियम, असं मी म्हटलं तर हसू नका, निदान तिथे काही घडलं तरी! पण तुम्ही सांगता, की दस्मान भागातल्या चौकात एक गोल काँक्रीटची इमारत आहे, तिला ‘फ्लाइंग सॉसर’ म्हणतात, ती वारसा आहे आणि आता तिथे लोकांसाठी कलादालन झालं आहे. ती इमारत सुरू झाली १९७८ मध्ये. माझ्याकडे त्याहून जुना कुकर आहे. वारसा म्हणायचं तर दुबईच्या खाडीकाठची बस्तकिया वस्ती म्हणा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या बस्तक भागातून व्यापारी आले, त्यांनी समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी घरं बांधली, वर बारजील म्हणजे वारा खाली ओढणारे मनोरे उभारले. त्या भिंतींमध्ये समुद्र आहे, वारा आहे, विजेशिवाय उन्हाळा काढण्याची अक्कल आहे. या तबकडीत काय आहे? पेट्रोलच्या पैशाने आलेली हौस. हौसेला वारसा म्हणायला लागलो तर उद्या प्रत्येक मंगल कार्यालयाच्या कमानीवर नीलफलक लावावा लागेल.

रसिक : कुकरचं उदाहरण चांगलं आहे, ते मी लक्षात ठेवतो, कारण माझा मुद्दा अखेरीस स्वयंपाकघराजवळच येणार आहे. आधी वयाचं बोलू. संयुक्त अरब अमिरात हे राष्ट्र २ डिसेंबर १९७१ ला जन्मलं. शारजाच्या समुद्रातल्या मुबारक क्षेत्रातून तेल निघू लागलं ते १९७४ मध्ये. म्हणजे ही इमारत राष्ट्राच्या सातव्या वर्षातली आहे. आपल्याकडे १९५० च्या दशकात बांधलेलं चंडीगड आपण स्वातंत्र्याची खूण मानतो की नाही? आणि मुंबईचं पाहा. मरिन ड्राइव्हवरच्या १९३० च्या दशकातल्या इमारतींना आपल्या आजोबांच्या पिढीने ‘नवे ब्लॉक’ म्हटलं असेल. २०१८ मध्ये त्याच आर्ट डेको इमारती ओव्हल मैदानासमोरच्या व्हिक्टोरियन इमारतींच्या जोडीने जागतिक वारसा ठरल्या. नवेपणा हा काही कायमचा दोष नसतो. पडेपर्यंत टिकू दिलं नाही, तर मात्र कुठलीच इमारत जुनी होत नाही.

तुमच्या बस्तकियाचंही तेच होणार होतं. १९८० च्या दशकात त्या वस्तीचा मोठा भाग सरकारी कार्यालयांसाठी पाडला गेला. उरलेलाही जाणार होता. त्या प्रवाळाच्या भिंतींत तेव्हा कुणाला अक्कल दिसत नव्हती, पडकी घरं दिसत होती. तिथे राहणारा रेनर ऑटर नावाचा एक ब्रिटिश वास्तुकार तेव्हा ती वाचवण्यासाठी उभा राहिला. १९८९ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स दुबईला आले, त्यांनी ती गल्ली पाहिली, कौतुक केलं आणि पाडकाम थांबलं. त्याच वर्षी त्याच वस्तीतल्या एका घरात मजलिस गॅलरी रीतसर सुरू झाली. म्हणजे जुनं घर आणि चित्रं यांची गाठ तिथे रीतसर पडली ती संकटाच्या काळात. तुम्ही ज्याला निर्विवाद वारसा म्हणता, त्यावरही एकदा वाद होऊन गेला आहे.

साशंक : ठीक, वय सोडलं. पण तुम्हीच सांगितलेल्या गोष्टीत माझी दुसरी शंका दडली आहे. एका परक्या युवराजाने पाहिलं म्हणून वस्ती वाचली. त्याने दुसरी गल्ली पाहिली असती तर? वारसा ठरवतो कोण, हा माझा प्रश्न आहे. शारजाचंच घ्या. तिथला किल्ला, अल हिस्न, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९६९-७० च्या सुमारास तो पाडायला घेतला. आजचे शासक शेख सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी तेव्हा कैरोत शिकत होते. ते धावत परत आले तोवर बहुतेक किल्ला गेला होता, एक बुरूज काय तो उरला. त्यांनी मापं टिपून ठेवली, दारं-खिडक्या सांभाळल्या आणि १९९० च्या दशकात किल्ला पुन्हा बांधला. त्यांच्या तळमळीला माझा नमस्कार. पण आज आपण जे पाहतो ती एका माणसाने जपलेल्या आठवणीवर उभी केलेली नवी बांधणी आहे.

आणि पुढची गोष्ट ऐका. त्या किल्ल्याभोवती १९७० च्या दशकात बँक स्ट्रीट झाली. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या आधुनिक इमारती, खाली बँका, वर बिऱ्हाडं. आपल्याकडच्या कित्येकांनी तिथूनच घरी पैसे पाठवले असतील. मग ‘हार्ट ऑफ शारजा’ ही योजना आली. जुनं शहर तेलापूर्वी होतं तसं परत दिसावं म्हणून त्या इमारती पाडायला घेतल्या. म्हणजे एकाच शहराने एकाच दशकातली एक रांग वारशाच्या आड येते म्हणून पाडली आणि दुसरी इमारत वारसा म्हणून वाचवली. यात तत्त्व कुठलं? ज्याच्या हातात जागा, त्याच्या हातात आठवण, एवढंच मला दिसतं.

रसिक : यावर मी सारवासारव करणार नाही. बँक स्ट्रीट गेली ते मलाही लागलं. पण तिच्या जाण्यातूनच अनेकांना कळलं, की १९७० चं दशक हाही इतिहास आहे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत पुसला जातो आहे. सुलतान सूद अल कासिमी आणि टॉड रीझ यांनी संपादित केलेलं ‘बिल्डिंग शारजा’ हे पुस्तक २०२१ मध्ये आलं, ते याच दशकांच्या इमारतींची नोंद आहे. हातातून निसटल्यावर मोल कळणं हे आपल्यालाही नवं नाही. मुंबईने वारसा इमारतींसाठी नियमावली केली ती १९९५ मध्ये. तोवर किती वाडे आणि बंगले गेले, याचा हिशेब गिरगावात विचारा.

पण निवडीत तत्त्व नाही, हे मला मान्य नाही. तबकडीचं वेगळेपण असं, की ती कुणाचा राजवाडा नव्हती, कुठल्या घराण्याची हवेली नव्हती, कचेरीही नव्हती. १९७८ मध्ये तिथे उपाहारगृह होतं, वर्तमानपत्रांचं दुकान होतं. पुढे सुपरमार्केट झालं. मग कोंबडीच्या पदार्थांचं फास्ट फूड. शारजा आर्ट फाउंडेशनने ती २०१२ मध्ये घेतली, तोवरचा तिचा सगळा जन्म गिऱ्हाइकांत गेला. आणि ती गिऱ्हाइकं कोण? ज्या देशात दर दहा माणसांत जवळपास नऊ बाहेरून आलेली, तिथे दुकानाच्या दारातून आत येणारा माणूस मल्याळी असणार, पठाण असणार, फिलिपिनो असणार, मिसरी असणार आणि अधूनमधून आपल्या चिपळूणचा किंवा सोलापूरचाही असणार. किल्ला राज्यकर्त्यांचा इतिहास सांगतो, प्रवाळाची घरं व्यापाऱ्यांचा सांगतात. जो माणूस करारावर आला, खोलीत सहा जणांबरोबर राहिला आणि सुट्टीच्या दिवशी चौकातल्या दुकानातून ब्रेड आणि फोनचं कार्ड घेऊन गेला, त्याचा इतिहास सांगायला कुठली वास्तू आहे? कुकर जुना असला तरी आपण टाकत नाही, कारण त्यात वर्षानुवर्षं घर शिजलेलं असतं. ही इमारत तशी आहे.

साशंक : आता तुम्ही माझ्या बाजूला आलात, आणि म्हणूनच माझी खरी हरकत इथून सुरू होते. ती इमारत त्या माणसाची असेल, तर तिचं कलादालन करून तुम्ही ती त्याच्याकडून काढून घेतली. दुकानात शिरायला कुणाला धीर गोळा करावा लागत नाही. खिशात पाच दिरहम असले की दार आपलं. घामेजलेला सदरा, धुळीचे बूट, कुणी बघत नाही. कलादालनाच्या दाराशी तोच माणूस दहा वेळा थबकतो. आत काय बघायचं, किती वेळ थांबायचं, बोललं तर चालेल का, आपल्याला हाकलतील का? तिकीट नाही, हे मला ठाऊक आहे. पण फुकट असणं आणि आपलं असणं यांत फार अंतर आहे. मुंबईत जहांगीर कलादालनाला तिकीट नाही. समोरच्या फुटपाथवर वर्षानुवर्षं माल विकणाऱ्यांपैकी किती जण आत गेले असतील?

इराण्याच्या हॉटेलचं उदाहरण घ्या. संगमरवरी टेबल, वाकडी लाकडी खुर्ची, बरणीतली खारी. एखादा इराणी बंद पडतो आणि त्या जागी कुणी मोठ्या हौसेने त्याच खुर्च्या ठेवून महागडी कॉफी विकायला लागतो. खुर्च्या वाचल्या, पण एका चहावर दोन तास बसणारा बेकार तरुण गेला. मग काय वाचवलं आपण? याउलट पुण्याचा विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, पुढे शाळा, पालिकेची कचेरी, टपाल कार्यालय. पोस्टकार्ड घ्यायला गेलेला माणूस पेशव्यांच्या वाड्यात शिरतोय असा आव न आणता शिरायचा. वास्तू अशी नकळत वापरात राहिली, की तीच खरी लोकांची. ‘लोकांसाठी’ असा फलक लावावा लागला, की समजावं, लोक बाहेर गेले आहेत.

रसिक : तुमचं हे शेवटचं वाक्य मला झोंबलं, पण त्याला उत्तर आहे. त्या इमारतीचं काय केलं ते नीट पाहा. शारजाच्याच स्पेसकंटिन्युअम या कार्यालयाने, वास्तुकार मोना अल मूसफी यांनी ते काम केलं आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये दारं उघडली. मधल्या वर्षांत तिच्या अंगावर चढवलेले पत्रे उतरवले, मागे जोडलेलं बांधकाम काढलं. आता तो मूळचा घुमट, त्याखालचे खांब, बाहेर झेपावणारं तारेच्या आकाराचं छप्पर आणि चहूबाजूंनी काच, असं सगळं मोकळं झालं आहे. ही काच मला फार महत्त्वाची वाटते. तुमचा माणूस दाराशी थबकतो, खरं आहे, पण इथे त्याला रस्त्यावरूनच आतलं सगळं दिसतं. कलादालनं बहुधा बंद भिंतींची असतात. ही इमारत आतलं काही लपवू शकत नाही, कारण ती मुळात दुकानासाठी उघडी होती.

दुसरं असं, की नव्या गरजांसाठी त्यांनी जमिनीखाली खोदलं. वर्तुळाला धक्का न लावता खाली वाचनालय, लोकांनी जमण्याची जागा, कॅफे आणि उघडं खोलगट अंगण केलं. म्हणजे वर प्रदर्शन आणि खाली रोजचं बसणं-उठणं. आता विचार करा, आखातातल्या शहरात, रहदारीच्या चौकातली इतकी मोक्याची जागा आणि तिच्यावर एकमजली गोल इमारत. दुकान म्हणून ती किती वर्षं टिकली असती? जागेच्या भावानेच तिला गिळलं असतं. आपल्याकडे सर कावसजी जहांगीर हॉल १९११ मध्ये झाला. गाण्याच्या मैफली झाल्या, सभा झाल्या, मग रया गेली. १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आलं म्हणून तो उभा आहे. नकळत वापर हा तुमचा आदर्श सुंदर आहे, पण नकळत वापरात असलेल्या वास्तू नकळतच पडतात, हेही आपण पुण्यात पाहिलं आहे. वाड्यांची यादी मी सांगत नाही, तुम्हाला ती पाठ आहे.

साशंक : वाड्यांचं घाव घालणारं बोललात, मान्य. पण तुम्ही ज्या गोष्टीचं कौतुक केलं, तिथेच मला सगळ्यात मोठी गफलत दिसते. पत्रे उतरवले, जोडकाम काढलं, मूळ रूप मोकळं केलं. मूळ म्हणजे कधीचं? १९७८ चं. आणि ते पत्रे, ते जोडकाम, तो दुकानाचा फलक कधीचा? त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांचा. म्हणजे ज्या काळात तुमचा चिपळूणचा आणि सोलापूरचा माणूस तिथे येत होता, नेमका तोच काळ खरवडून काढला. वास्तुकाराच्या कागदावरची इमारत परत आली, गिऱ्हाइकाच्या आठवणीतली गेली. आत्ता तुम्ही म्हणालात, ही इमारत रोजच्या माणसाचा इतिहास सांगते. कशावरून सांगते? काच बोलत नाही, खांब बोलत नाहीत. बोलला असता तर तो कुरूप पत्रा आणि तेलकट भिंत. ती सुंदर नव्हती, म्हणून गेली. मग शेवटी सौंदर्यच जिंकलं, माणूस हरला. बँक स्ट्रीट पाडताना जो विचार होता, तोच इथे आहे, की मधला काळ पुसा आणि शुद्ध आरंभाकडे जा. तिथे शुद्ध आरंभ तेलाच्या आधीचा, इथे तेलाच्या लगेच नंतरचा. फरक वीस-तीस वर्षांचा आहे, वृत्तीचा नाही.

रसिक : हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. थोडं सावकाश बोलतो. एक बाजू बांधकामाची आहे. त्या किनाऱ्यावर काँक्रीटचा वैरी म्हणजे मीठ. खारी हवा, खारं भूजल. क्षार आत शिरले की लोखंडी सळई गंजते, फुगते आणि वरचा थर फोडते. पत्र्याखाली झाकलेली भेग कुणाला दिसत नाही. दुरुस्ती करायची तर आवरण उतरवणं भागच होतं. पण उतरवलेलं परत का चढवलं नाही, याला मिठाचं कारण चालणार नाही, ती निवड होती. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, की तीत काही माणसांची वर्षं गेली.

तरी मला वाटतं, पत्रा ठेवूनही ती वर्षं राहिली नसती. सुपरमार्केटच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची आठवण भिंतीत नसते, त्याच्या सांगण्यात असते. इमारतीचं काम एवढंच, की ती सांगण्यासाठी निमित्त द्यावं. त्या चौकात आज काचेचा मनोरा असता, तर ‘इथे मी पहिल्या पगाराची कोंबडी खाल्ली’ असं कुणी कुणाला बोट दाखवून सांगू शकलं नसतं. इमारत आहे म्हणून बोट दाखवता येतं. आणि किल्ल्याला किंवा संग्रहालयाला जे जमत नाही, ते लोकांच्या कलादालनाला जमू शकतं. वाचनालय आहे, जमायची जागा आहे, तिथे त्या माणसांना बोलवून ऐकता येईल, त्यांचे फोटो मांडता येतील. १९९८ मध्ये युनेस्कोने शारजाला अरब जगताची सांस्कृतिक राजधानी म्हटलं. सचिनच्या वादळाचं तेच वर्ष. त्या स्टेडियमच्या गॅलरीत बसून टाळ्या पिटणारे हजारो हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी कामगार त्या राजधानीच्या संस्कृतीत मोजले होते का? नसतील, तर मोजायला सुरुवात करायची जागा ही आहे.

साशंक : सुरुवात कराल, पण ऐकायचं कुणाकडून? त्या देशात माणूस व्हिसावर राहतो. काम संपलं, की बहुतेकांना परतायचं. १९७८ मध्ये ज्याने तिथे वर्तमानपत्र विकत घेतलं, तो आज शारजात नाही. तो डोंबिवलीत आहे, रत्नागिरीत आहे, कोझिकोडला आहे, पेशावरला आहे, किंवा कुठेच नाही. आपल्याकडे जुना वाडा पडला तरी गल्ली असते, गल्लीतली म्हातारी सांगते. तिथे गल्लीतली म्हातारीच नाही. इमारत स्थिर आणि तिची माणसं पांगलेली, अशी ती स्थिती आहे. कलादालन कितीही मनाने मोठं असलं, तरी जो समाज तिथे उरलाच नाही, त्याच्या नावाने दार उघडून काय उपयोग? आज आत जाणारे दुसरेच आहेत. त्यांचा आनंद खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण ती वेगळी इमारत आहे, तेच कवच घातलेली.

रसिक : तुमचा हा मुद्दा मी खोडून काढू शकत नाही. पण तुम्ही तो मांडलात म्हणून मला काही दिसलं. आपण दोघे इतका वेळ शारजातल्या चौकाबद्दल भांडलो आणि धरून चाललो, की इमारतीचा इतिहास तिच्या पायापाशी असतो. १९६६ पर्यंत त्या किनाऱ्यावर रुपया चालायचा. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तिथले मोती मुंबईच्या बाजारात यायचे. त्या किनाऱ्याच्या इतिहासाची निम्मी पानं नेहमीच इकडे राहिली आहेत. तबकडीचंही तसंच असणार. तिचा आकार तिथे आहे, पण तिची वर्षं इथल्या ट्रंकांमध्ये आहेत, रंग उडालेल्या फोटोंत, निळ्या पातळ कागदावरच्या पत्रांत. म्हणजे लोकांचं कलादालन म्हणवून घेण्याचा हक्क तिने कमावला की नाही, हे निम्मं त्यांच्या हातात आहे आणि निम्मं आपल्या.

साशंक : निम्म्यावर मी तडजोड करणार नाही. माझी कसोटी साधी आहे आणि ती मी सोडत नाही. ज्या जातीचा माणूस पूर्वी त्या दारातून विचार न करता शिरायचा, त्या जातीचा माणूस आज शिरतो का? बांधकामावरून दुपारी सुटलेला, सायकलवरून सामान पोचवणारा. तो शिरत असेल, थंड हवेत पाच मिनिटं उभा राहत असेल, त्याला कुणी ‘काय हवंय’ म्हणून विचारत नसेल, तर मी पत्रे, सौंदर्य, बँक स्ट्रीट, सगळं विसरायला तयार आहे. तो शिरत नसेल, तर इमारत वाचली आणि वारसा गेला, असं मी म्हणणार. आणि ही कसोटी मी मुंबईला आणि पुण्यालाही लावणार, एकट्या शारजाला नाही.

रसिक : लावा. मला ती मान्य आहे, आणि तिचं उत्तर आपण दोघे इथे बसून देऊ शकत नाही, हेही मान्य आहे. पण आपल्या वाट्याचं काम मात्र इथे बसूनच करता येईल. ज्या घरातलं कुणी आखातात राहून आलं आहे, त्यांनी या रविवारी जुने फोटो बाहेर काढावेत. मागे कुठली इमारत दिसते ते बघावं. फोटोतली माणसं हयात असतील तर त्यांना विचारावं, कोण, कुठे, कोणत्या साली, आणि उत्तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावं. शाईने लिहू नये, ती फुटते.